माथाडी, वाराई, गिरण्या: युनियनला ताकद सभासदांनी द्यायची की सरकारी राजपत्राने?

शॉपफ्लोअर

मागच्या धाग्यावर महाराष्ट्रातले उद्योग बाहेर का जातात यावर बरीच हाणामारी झाली. एक गट म्हणे युनियनने वाट लावली, दुसरा म्हणे मालकच चोर. पण मला जे म्हणायचं होतं ते कोणीच बोललं नाही म्हणून हा वेगळा धागा काढतोय. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

चार कामगार एकत्र येऊन म्हणाले की आम्हाला इतका पगार पाहिजे, नाहीतर उद्यापासून काम बंद, तर मी खुल्या बाजाराचा कट्टर समर्थक असूनही मला त्यात काही गैर दिसत नाही. त्यांचे हात, त्यांचा भाव. माझी तक्रार सरकारबद्दल आहे. सरकार जेव्हा कायदा करून सांगतं की हे काम फक्त ह्याच यादीतल्या लोकांनी करायचं, किंवा पगाराची बोलणी फक्त ह्याच युनियनने करायची आणि दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, तेव्हा त्या युनियनला कामगाराला खूश ठेवायची गरजच उरत नाही. कामगार नाराज झाला तरी जाणार कुठे? आणि अशी फुकट मिळालेली ताकद शेवटी कोणाच्या हातात जाते ते एमआयडीसीत फिरणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

माथाडी, म्हणजे हमालांच्या, कायद्याचंच बघा. १९६९ चा कायदा, अण्णासाहेब पाटलांनी लढून मिळवलेला, आणि त्यामागची गरज खरी होती हे मी आधीच सांगून टाकतो. रचना अशी की मंडळ असतं, त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मंडळात नोंदणी करायची, माल चढवायला-उतरवायला मंडळाने दिलेली टोळी घ्यायची, मजुरी मंडळात भरायची आणि वर टक्केवारीने लेव्ही भरायची, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्ट्या, दवाखाना. वाचायला एकदम चांगलं. पण हा कायदा झाला तेव्हा पोती पाठीवरून जायची. आज पॅलेट आलं, फोर्कलिफ्ट आली, हायड्रा क्रेन आली, तरी प्रश्न तोच की हे काम कोणाचं. स्वतःच्या पगारावर असलेल्या, पीएफ भरलेल्या माणसाने गाडी खाली केली तर चालेल का, यावर वर्षानुवर्षं कोर्टात केसेस चालल्यात.

माझं छोटं युनिट आहे, फॅब्रिकेशन आणि प्रेस पार्ट्सचं. मध्ये एक जुनी पॉवर प्रेस घेतली, ट्रेलरवर आली. हायड्रा सांगितला होता, त्याचा ऑपरेटर, पट्टे बांधायला त्याची दोन माणसं. प्रेस हवेत उचलायच्या आधी गेटवर बाईकवरून पोरं हजर, उतराईचे द्या म्हणून. टनावर रेट सांगितला. मी म्हटलं तुमचा बिल्ला दाखवा, मंडळाची पावती द्याल का, तर एकाने सरळ ट्रेलरच्या पुढे बाईक लावली. आता परिस्थिती अशी असते की हायड्राचं भाडं तासावर चालू, ट्रेलरवाल्याला रात्रीचा परतीचा लोड पकडायचाय, पुढच्या गल्लीतली गाडी रस्ता मोकळा व्हायची वाट बघतीये, त्यामुळे वाद घालायला भरपूर वेळ असा फक्त त्या पोरांकडेच असतो. पैसे दिले. एकानेही पट्ट्याला हात लावला नाही, पावती तर नाहीच. ही पोरं खरे माथाडी नव्हतीच असं सगळे म्हणतील आणि ते बरोबरही असेल, पण 'हे काम आमच्याशिवाय करता येणार नाही' हे वाक्य त्यांना कुठून मिळालं? कायद्यातूनच मिळालं.

२०२३ मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं, माथाडीच्या नावाखाली चालणारी खंडणी थांबवायची असं कारण दिलं, त्याला बाबा आढावांसकट सगळ्या माथाडी नेत्यांनी विरोध केला. तुमची मतं सांगा. शिव्या नकोत.

ट्रक_मालक_१२चाकी

वाराईबद्दल, म्हणजे गाडीवाल्याकडून घेतल्या जाणाऱ्या चढउताराच्या पैशांबद्दल, लिहिलंत ते बरं केलं. लोकांना वाटतं कंपनीच भरते, पण बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या खिशातून जाते. माल कंपनीचा, उतरवून घेणारा व्यापारी, आणि हमाली गाडीवाल्याने द्यायची, हा कुठला न्याय. आम्ही वाहतूकदार किती वर्षं बोंबलतोय 'ज्याचा माल त्याचा हमाल'. मागणी एवढीच आहे. भाडं ठरवताना वाराई धरलेली नसते, पोचल्यावर कळतं आज किती. वर ड्रायव्हर परराज्यातला असला की रेट वेगळा.

कोपरखैरणेकर

शॉपफ्लोअर, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण आता दुसरी बाजू ऐका. माझे आजोबा आणि वडील दोघं मशीद बंदरला हमाल. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, जमीन नावाला. आजोबांच्या वेळी कायदा नव्हता म्हणजे तुमचा खुला बाजार पुरेपूर होता. शंभर किलोची गोणी पाठीवर, मजुरी किती ते शेठ संध्याकाळी ठरवणार, माल आला नाही तर उपाशी, झोपायला पेढीचा ओटा. मणका गेला की गावाला परत, हातात काही नाही. वडिलांच्या उमेदीत मंडळ आलं, मग मार्केट नवी मुंबईत आलं. त्यांच्या नावावर पीएफ जमा झाला, आईचं ऑपरेशन झालं, कोपरखैरणेला माथाडीची खोली मिळाली म्हणून मी शिकलो आणि आज इथे टाईप करतोय. त्या लेव्हीला मालक भुर्दंड म्हणतात. तुमच्या गेटवर आलेले गुंड आहेत, त्यांना आत टाका, आम्ही टाळ्या वाजवू. पण गुंडांचं नाव पुढे करून कायदाच काढायला निघालात तर माझ्या बापाच्या पाठीचा हिशोब कोण देणार?

लालबावटा

+१ कोपरखैरणेकर. खंडणी हा पोलिसांचा विषय आहे, कामगार कायद्याचा नाही. खंडणीचं ३०८ कलम लावा, तडीपार करा. प्रत्येक एमआयडीसीत भंगाराचा ठेका, पाण्याच्या टँकरचा ठेका, लेबरचा ठेका कोणाकडे असतो ते बघा, तीच माणसं माथाडीचा बोर्ड लावून फिरतात आणि त्यांच्या गाडीवर कुठल्या ना कुठल्या पक्षाचा झेंडा असतोच. भंगारासाठी कुठला माथाडी कायदा आहे? तरी तिथे दादागिरी आहेच ना. मग दोष कायद्याचा कसा?

शॉपफ्लोअर

@कोपरखैरणेकर, तुमच्या वडिलांना जे मिळालं ते काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक म्हणजे हमालाचा पीएफ, दवाखाना, मजुरी बँकेत. ही गोष्ट प्रत्येक हमालाला मिळायला हवी. दुसरी म्हणजे यादी, यादीतल्यानेच काम करायचं. आज तुमच्या आजोबांसारखाच कोणीतरी बीडहून नाहीतर बिहारहून येतो, त्याच मार्केटच्या बाहेर उभा राहतो, आणि यादीत नाव नाही म्हणून त्याला एकतर काम नाही किंवा चोरून अर्ध्या मजुरीत काम. ओट्यावर झोपणारा माणूस अजूनही आहेच, फक्त तो यादीबाहेरचा आहे. त्याच्यासाठी कोण बोलतंय?

@लालबावटा, भंगाराचा मुद्दा बरोबर आहे, तिथेही दादागिरी आहे. पण फरक सांगतो. भंगारवाल्याची तक्रार घेऊन गेलो तर पोलिसाला कळतं की ही दमदाटी आहे. माथाडीचं नाव घेतलं की ठाण्यात पहिला प्रश्न येतो, 'तुमची मंडळात नोंदणी आहे का?' म्हणजे फिर्यादीच आरोपी. छोट्या माणसाची नोंदणी नसते, असली तर लेव्हीची काहीतरी बाकी निघते, आणि समोरच्याला हे पक्कं माहीत असतं.

निफाडचा_कांदा

कारखानदारांचं राहू द्या, शेतकऱ्याचं कोणी विचारतं का. बाजार समितीत माल विकल्यावर मिळणाऱ्या आमच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई कापून यायची पिढ्यान्पिढ्या. ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो, स्क्रीनवर आकडा येतो, चिठ्ठी छापून येते, मग रिकामा ट्रॅक्टर परत काट्यावर. यात तोलणाऱ्याने तोललं काय? तरी तोलाई. ट्रॉली हायड्रॉलिक असली तर बटण मी दाबतो आणि कांदा खाली होतो, तरी हमाली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्यापारी म्हणाले आता आम्ही शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणार नाही, लेव्हीचा जुना वाद होताच, माथाडी म्हणाले मग आम्ही काम करणार नाही, आणि लासलगावसकट नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद. उन्हाळ कांदा शेतात, वर ऊन, आणि भांडण चाललंय व्यापारी आणि हमालाचं. त्याच वेळी दिल्लीची निर्यातबंदी, डिसेंबर २०२३ ला लावली ती मे २०२४ पर्यंत. म्हणजे बाहेर विकायला सरकारने बंदी केलेली आणि आत विकायला समिती बंद. आमच्या भागात काही व्यापाऱ्यांनी आवाराबाहेर खरेदी सुरू केली तेव्हा कुठे जीवात जीव आला, तर त्यालाही विरोध झाला!! शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, माणूस २०१५ ला गेला, आम्ही अजून तिथेच. मला कोणाचा पीएफ बुडवायचा नाहीये. फक्त ज्या कामाला कोणी हात लावला नाही त्याचे पैसे माझ्या कांद्यातून कापू नका.

कोपरखैरणेकर

निफाडकर, भुईकाट्याची तोलाई मलाही पटत नाही. हे मी माथाडीच्या घरातला असून म्हणतोय. पण व्यापाऱ्याने द्यावी की कोणीच देऊ नये यावर बोला, कारण व्यापाऱ्याने ते 'शेतकऱ्याच्या भल्यासाठी' केलं नव्हतं, त्याला लेव्ही चुकवायची होती.

कोचीरिटर्न

मी नोकरीनिमित्त केरळात बरीच वर्षं काढली. तिथे याला नोक्कुकूली म्हणतात, नुसतं उभं राहून बघण्याचे पैसे. तिथला चढउतार कामगारांचा कायदा १९७८ चा, त्यातही नोंदणी, कार्ड आणि प्रत्येक एरियाची ठरलेली टोळी. घर शिफ्ट करताना फ्रीज आपण उचलला तरी पैसे. २०१८ च्या १ मेला, म्हणजे कामगार दिनालाच, डाव्या सरकारने स्वतः ही प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं. तरी २०२१ मध्ये थुंब्याला अवकाश केंद्राची अवजड यंत्रसामग्री घेऊन आलेली गाडी अडवली होती लोकांनी पैशासाठी. मग हायकोर्टाने सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. सांगायचा मुद्दा, बंदीचा जीआर काढून हे थांबत नाही. एरियाची टोळी ठरवणारा नियम जागेवर आहे तोवर एरिया त्यांचाच.

एचआर_भोसरी

कारखान्याच्या आतली गोष्ट सांगतो, कारण धागा सगळा गेटवरच अडकलाय.

औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ ला प्रकरण पाच-ब घातलं. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कमी करायला, कंपनी बंद करायला सरकारची परवानगी. १९८२ च्या दुरुस्तीने तो आकडा १०० वर आणला. हेतू काय, नोकऱ्या वाचाव्यात. झालं काय ते मी रोज बघतो. शंभराच्या आत राहायचं म्हणून त्याच शेडमध्ये बायकोच्या नावाने दुसरी कंपनी, मध्ये पत्र्याची भिंत, दोन मस्टर. आणि मोठ्या कंपनीत कायम माणूस घ्यायचाच नाही, सगळं कंत्राटावर. आज देशातल्या संघटित कारखान्यांत दहातले चार कामगार कंत्राटी आहेत. लाईनवर शेजारी शेजारी उभे, एकच बोल्ट आवळतात, एकाला कराराने वाढलेला पगार, कॅन्टीन, गणवेश, दुसऱ्याला त्याच्या निम्मा पण नाही, आणि दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन परत नवीन कार्ड. युनियनच्या वेतन कराराच्या मीटिंगला मी बसलोय. कंत्राटी पोरांचा विषय शेवटच्या पानावर येतो आणि कायम कामगारांची रक्कम जमली की पहिला सुटतो.

आता त्या कायद्याच्या जागी नवीन औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये, आकडा परत ३०० केलाय. माझ्या मते तीनशेची रेघ मारली की लोक दोनशे नव्व्याण्णववर थांबणार.

लालबावटा

एचआर साहेब, कंत्राटी पद्धत मालकांनी आणली की युनियनने? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता ना, तो सरकारने नीट वापरला आणि मालकांनी पाळला असता तर कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस उभाच राहिला नसता. कायदा मोडायचा आणि मग म्हणायचं कायदाच वाईट.

एचआर_भोसरी

मोडतात, मान्य. पण का मोडतात ते बघा ना. माणूस एकदा घेतला की मंदीत सोडता येत नाही अशी भीती बसली की मालक घेतानाच हात आखडता घेतो. कायम नोकरीचं दार जितकं जड केलं तितकी बाहेरची रांग वाढली. आणि रांगेतल्याला मत नाही, ना युनियनमध्ये ना करारात.

चाळीतली_पोर

मी शक्यतो वाचनमात्र असते पण गिरण्यांचं नाव शीर्षकात आहे आणि इतक्या प्रतिसादांत कोणी त्यावर बोललं नाही. माझे बाबा स्पिनिंग खात्यात, बदली म्हणून, म्हणजे कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी, लागले आणि बदलीच राहिले.

सगळे म्हणतात दत्ता सामंतांनी गिरण्या बुडवल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. पण लोक सामंतांकडे का गेले ते विचारा. १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा होता, त्यात एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसवाल्यांची. बोलणी करायचा हक्क फक्त त्यांना. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून लोक भडकले, संघाने केलेला समझोता कोणालाच मान्य नव्हता, पण कायद्याने तोच आमचा समझोता. बाबा सांगायचे, संघाच्या माणसाला खात्यात कोणी विचारायचं नाही, पण सहीचा अधिकार त्याचाच. म्हणून संपाच्या मागण्यांत पगारवाढ आणि बदलीवाल्यांना कायम करण्याबरोबर तो कायदा रद्द करा ही पण मागणी होती. ती लोक विसरतात.

मालकांना तो कायदा नकोसा होता असं समजू नका. त्यांना एकच माणूस सांभाळायचा होता, सोपं होतं. सरकारलाही सोपं होतं. अडचण फक्त आमची होती.

शॉपफ्लोअर

@चाळीतली_पोर, तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. मला नेमकं हेच म्हणायचं होतं. अडीच लाख लोक एका माणसाच्या मागे उभे आहेत आणि कायदा म्हणतो हा तुमचा नेता नाहीच, त्याच्याशी बोलायचं नाही. खुल्या बाजारात कामगाराला आपला प्रतिनिधी बदलता आला असता, मालकाला नाइलाजाने सामंतांसमोर बसावं लागलं असतं, काही महिन्यांत कुठेतरी तोडगा निघाला असता. इथे संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

बाकीचं नियंत्रण पण बघा. १९५६ पासून गिरण्यांना माग वाढवायला बंदी, हातमाग वाचवायचा म्हणून. स्वस्त नियंत्रित कापड काढायची सक्ती. हातमाग वाचला नाहीच, धंदा गेला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, जिथे ना युनियन ना पीएफ. आणि गिरणी बंद करायची तर परवानगी नाही, म्हणून कागदावर चालू ठेवायची, यंत्र बदलायचं नाही, पगार थकवायचा, आजारी म्हणून जाहीर करून घ्यायचं, आणि नंतर नियम बदलले की जमीन विकायची. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करायचे ठरलं होतं, २००१ ला तेही पातळ केलं. गिरणी वेळेवर, उघडपणे, देणी चुकती करून बंद करता आली असती तर कामगाराला पैसा हातात तरी मिळाला असता. मालकांना मी यातून सोडत नाही. लायसन्सच्या कुंपणात सगळ्यात मजेत मालकच राहिले.

लालबावटा

म्हणजे सामंत बरोबर होते असं तुम्ही, खुल्या बाजारवाले, म्हणताय? हे लिहून ठेवतो.

शॉपफ्लोअर

मागण्या कितपत परवडणाऱ्या होत्या यावर वाद घालू शकतो. पण लोकांनी निवडलेला माणूस होता, यावर वाद नाही.

कोपरखैरणेकर

बरं मग मुद्द्यावर या. कोणत्याही मालकाला कोणताही हमाल घ्यायची मोकळीक दिली, यादी उघडी केली, तर लेव्ही कोण भरणार? दहा दिवस दहा दुकानांत काम करणाऱ्याचा मालक कोण? हाच प्रश्न १९६९ ला होता आणि त्यावरच मंडळ काढलं.

शॉपफ्लोअर

प्रश्न रास्त आहे. तेव्हा पर्याय नव्हता, आज आहे. प्रत्येक हमालाचा स्वतःचा खाते नंबर, जो गाडी खाली करून घेतो त्याने मजुरी आणि टक्केवारी दोन्ही त्या खात्यात फोनवरून तिथल्या तिथे टाकायची, हमाल मशीद बंदरचा असो की कालच उतरलेला. पैसे न टाकणाऱ्याला दंड. मंडळाने नोंदणी कोणालाही नाकारायची नाही आणि टोळी वाटायची नाही, फक्त खाती सांभाळायची. हमालांनी पाहिजे तर पाच युनियन काढाव्यात, जी चांगला रेट मिळवून देईल तिच्याकडे जावं. आणि ज्याने मालाला हात लावला त्यालाच पैसे, एवढा एक नियम कडक.

ट्रक_मालक_१२चाकी

आणि भरणार कोण तेही लिहा. माल ज्याचा त्याने.

शॉपफ्लोअर

हो, माल ज्याचा त्यानेच.

कोपरखैरणेकर

आणि शेठ सांगेल फोनवरून टाकतो म्हणून, हातात पन्नास रुपये रोख टेकवेल आणि पोरगं घेईल, कारण संध्याकाळी त्याला जेवायचंय. टोळी नसेल तर त्याच्या वतीने भांडणार कोण? वडिलांना विचारलं आत्ता, ते म्हणाले यादी मोठी करा, ज्याला पाहिजे त्याला घ्या, बनावट नावं काढून टाका, पण टोळी मोडू नका. मला सध्या तरी त्यांचं पटतंय.

निफाडचा_कांदा

यादी मोठी करायला माझी ना नाही. उद्या पहाटे ट्रॅक्टर घेऊन निघायचंय, पट्टी आली की काय काय कापलं ते इथे टाकतो.